पेनड्राइव्हचा वेग : पाकिटावरचा आणि प्रत्यक्षातला

आजचा विषय छोटा वाटेल, पण रोजचा आहे. पेनड्राइव्हच्या पाकिटावर ‘यूएसबी ३.०, ५ गिगाबिट’ असं छापलेलं असतं, आणि घरी ८ जीबीचं फोल्डर टाकायला बसलं की दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. आपण म्हणतो, फसवलं. माझं म्हणणं असं, की तो आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्याच गोष्टीचा असतो. पेनड्राइव्हमध्ये दोन निरनिराळे इतिहास एकत्र आले आहेत. एक जोडणीचा, दुसरा मेमरीचा. पाकिटावरचा आकडा फक्त पहिल्याचा.

आधी जोडणी घेऊ. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचं पहिलं मानक आलं. इंटेलमध्ये या कामात पुढाकार घेणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. कीबोर्ड, माउस, प्रिंटर सगळ्यांना एकच खाच असावी, हा हेतू. कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट. इथंच पहिली गफलत होते. फाइल आपण बाइटमध्ये मोजतो, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे झाले दीड मेगाबाइट. त्यातही पत्ते, तपासणी, पोचपावत्या यांचा वाटा जातो. फाइलच्या पदरात पडतात जेमतेम १.२.

एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आलं. ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. नियमांच्या चौकटीत फाइलसाठी त्यातले ५३ च्या आसपास उरतात, आणि प्रत्यक्षात चांगल्या यंत्रालाही तीस-चाळीसच मिळतात. नोव्हेंबर २००८ मध्ये ३.० आलं, ५ गिगाबिटचं. पुढे त्याचंच नाव ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १. नाव तीनदा, वेग तोच! दुकानात ‘३.२’ वाचून जास्त पैसे मोजण्याआधी हे लक्षात ठेवा.

आता मेमरी. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. आज पेनड्राइव्हमध्ये असते ती नँड जातीची मेमरी १९८७ मध्ये. वीज गेली तरी मजकूर राहतो, हा तिचा मोठा गुण. पण एक अट आहे. लिहायचं पानापानानं, पुसायचं मात्र अनेक पानांचा गठ्ठा एकदम. एक अक्षर बदलण्यासाठी अख्खी पाटी पुसून पुन्हा लिहावी, तसं. म्हणून हजार छोट्या फाइली टाकायला एका मोठ्या फाइलीपेक्षा जास्त वेळ लागतो. प्रत्येक फाइलीमागे यादीतली नोंदही बदलावी लागते, आणि ती नोंद म्हणजे पुन्हा पाटीचंच काम.

२००० साली हे दोन प्रवाह मिळाले. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा थंबड्राइव्ह आला. इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने बनवलेला डिस्कऑनकी आयबीएमने विकला. त्याची क्षमता ८ एमबी. आज हसू येईल, पण फ्लॉपी १.४४ एमबीची होती! तेव्हा अडचण रस्त्याची होती, कारण जोडणी जुन्या १२ मेगाबिटांची. नंतर रस्ता रुंद होत गेला, आणि गोदामातला हमाल मात्र वेगळ्याच दिशेनं निघाला. मेमरी स्वस्त करायची म्हणून एका पेशीत एकाऐवजी दोन बिट, मग तीन बिट भरले. तीन बिटांसाठी विद्युतभाराच्या आठ पातळ्या नेमक्या सांभाळाव्या लागतात. थोडं भरा, तपासा, पुन्हा थोडं भरा. वाचताना याचा त्रास कमी, लिहिताना फार. म्हणून बऱ्याच पाकिटांवर वाचण्याचा वेग ठळक असतो आणि लिहिण्याचा सापडतच नाही. सेकंदाला १० मेगाबाइट लिहिणारा ड्राइव्ह ५ गिगाबिटच्या खाचेत बसवला तरी ८ जीबीला तेरा मिनिटं घेणारच.

मग कॉपी सुरू होताना वेग भरपूर दिसतो आणि नंतर कोसळतो, तो का? संगणक आधी मजकूर स्वतःच्या मेमरीत घेतो आणि ‘झालं’ म्हणतो. ड्राइव्हवर लिहिणं मागून चालू असतं. काही ड्राइव्हमध्येही थोडी जलद जागा राखलेली असते. ती भरली की खरा वेग उघडा पडतो. हे नुसतं कुतूहल नाही. पट्टी पूर्ण भरलेली पाहून ड्राइव्ह उपटला, तर लग्नाचे फोटो किंवा प्रबंध अर्धवट राहू शकतो, आणि ते कळतं दुसऱ्या गावी गेल्यावर. विंडोज १० ने २०१८ च्या एका आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी ही साठवण आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. लिनक्सवर ती सहसा चालू असते. तेव्हा ‘इजेक्ट’ म्हणा, होकार येईपर्यंत थांबा, मगच काढा.

वेग जाणायचा तर सोपा उपाय सांगतो. दोन जीबीची एकच फाइल टाका, इजेक्ट होईपर्यंतचे सेकंद मोजा, २००० ला त्यानं भागा. जो आकडा येईल, तो तुमच्या ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग. छोट्या फाइली पुष्कळ असतील तर आधी त्यांची एक झिप करा. आणि नवा ड्राइव्ह घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: “लिहिण्याचा वेग किती?”

आता प्रश्न घेऊ या.