पापी माणूस मुसलमान उरतो का?

मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं, की माणूस मुळात कसा आहे, ही चर्चा तत्त्वज्ञांची. नमाज-रोजे करणाऱ्या साध्या मुसलमानाला तिच्याशी काय घेणं? आज त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

इ.स. 657. सिफ्फीनची लढाई. हजरत अलींनी लवाद मान्य केला म्हणून त्यांच्याच सैन्यातला एक गट फुटून बाहेर पडला. हेच खारिजी. त्यांच्यातल्या कडव्यांचं म्हणणं असं, की मोठं पाप केलेला माणूस मुसलमान राहतच नाही. म्हणजे श्रद्धा कृतीत असते. कृती बिघडली की श्रद्धा गेली. ऐकायला हे तात्त्विक वाटतं. पण बघा, तो मुसलमान नसेल तर त्याचा विवाह टिकतो का? वारसा कुणाला? त्याच्या जनाज्याची नमाज पढायची की नाही? 661 मध्ये अलींचा खून एका खारिज्यानेच केला.

याच्या उलट मुर्जिआ. ते म्हणत, माणसाचा निवाडा अल्लाहवर सोडा. श्रद्धा मनात आणि कबुलीत असते, पापाने ती पुसली जात नाही. या मताला अनेकदा ढिलं, सोयीचं म्हटलं जातं. मला ते तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण खुरासानात आहे. तिथे इराणी लोक इस्लाम स्वीकारत होते, तरी त्यांच्याकडून जिझिया वसूल होत होता. तबरी सांगतो, की हे लोक कर चुकवण्यासाठीच मुसलमान होतात, तेव्हा त्यांची सुंता झाली आहे का ते तपासावं, असं तिथल्या सुभेदाराला सुचवण्यात आलं. खलिफा दुसरे उमर (कारकीर्द 717 ते 720) यांनी नकार दिला: पैगंबरांना बोलावणं करायला पाठवलं होतं, सुंता करायला नव्हे. कबुली पुरेशी मानली की नव्या, गरीब, अरबी न येणाऱ्या मुसलमानालाही बरोबरीचा हक्क मिळतो. 734 मध्ये खुरासानात हारिस इब्न सुरैजने बंड केलं, त्याच्या मागे हेच लोक आणि हाच विचार होता.

कूफ्याचे कापडाचे व्यापारी अबू हनीफा (मृत्यू 767) यांचंही मत याच अंगाने जाणारं. त्यांची परंपरा मध्य आशियात रुजली आणि तिथून हिंदुस्थानात आली. आपल्याकडे कोकणी मुसलमान शाफिई, घाटावरचे बहुतेक हनफी.

बसऱ्याच्या वासिल इब्न अताने मधली जागा शोधली: पापी ना श्रद्धावान, ना काफिर. त्यावर फार थांबत नाही.

आता गझाली. हा गृहस्थ बगदादच्या निझामियात तीनशे विद्यार्थ्यांना शिकवत होता, आणि 1095 मध्ये त्याची जीभच उचलेना. घास गिळवेना. सगळं शास्त्र ठाऊक असूनही आपण शिकवतो ते कीर्तीसाठी, हे त्याला कळून चुकलं होतं. आतापर्यंत वाद होता दुसऱ्याच्या मनाचा. इथे माणसाला स्वतःच्याच मनाचा भरवसा उरला नाही! नोकरी सोडून तो दमास्कसला गेला. पुढे त्याने ‘इह्या’ लिहिला, चाळीस प्रकरणांचा. त्यात माणसाच्या आत एक डुक्कर, एक कुत्रा, एक सैतान आणि एक शहाणा असे चौघे नांदतात. डुक्कर म्हणजे हाव, कुत्रा म्हणजे राग. त्यांना मारायचं नाही, वळण लावायचं. म्हणूनच त्या ग्रंथात नमाजेइतक्याच बारकाईने जेवावं कसं, लग्न कसं करावं, दुकानात वागावं कसं, हे सांगितलेलं आहे.