गोवधविरोधी दंगली, 1893
गोवध व कुर्बानीच्या प्रश्नावरून ब्रिटिश हिंदुस्थानात झालेल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची मालिका. दयानंद सरस्वतींच्या ‘गोकरुणानिधि’ (1881) या पुस्तिकेनंतर उत्तर भारतात गोरक्षिणी सभांचे जाळे पसरले. घरटी मूठभर धान्य बाजूला काढून निधी जमवणे, गावोगाव पत्रके फिरवणे आणि कसायाला गाय विकणाऱ्यावर बहिष्कार घालणे, ही त्यांची साधने होती. गाय ही दंडसंहितेच्या कलम 295 मधील ‘पवित्र वस्तू’ नव्हे, या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निर्णयाने चळवळीला धार आली.

जून 1893 मध्ये बकरी ईदला आझमगढ जिल्ह्यात, विशेषतः मऊ येथे, कुर्बानी रोखण्यासाठी मोठे जमाव चालून गेले. जुलैत मोहरमच्या काळात काठेवाडातील प्रभासपाटण पेटले. त्याचे पडसाद मुंबईत उमटले. 11 ऑगस्टला जुम्मा मशिदीतील नमाजानंतर जमाव जवळच्या हनुमान मंदिराकडे वळला. दंगल गिरणगावापर्यंत पोचली, लष्कर आणावे लागले आणि सुमारे 75 माणसे दगावली. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभीच्या वाढीला याच तणावाची पार्श्वभूमी होती. धार्मिक भावनेइतकाच स्थानिक वर्चस्वाचा संघर्षही या दंगलींमागे होता, असे अनेक इतिहासकार मानतात.