घरचें घड्याळ आणि तेलाचा थेंब

भिंतीवर घड्याळ येण्यापूर्वीं महाराष्ट्रांत लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर साधीत असत. पाण्यानें भरलेल्या घंगाळांत तांब्याची एक हलकी वाटी सोडावयाची. तिच्या बुडाशीं असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी हळूहळू आंत चढावयाचें. आणि वाटी बुडाली म्हणजे एक घटिका, अर्थात् २४ मिनिटें, झाली असें समजावयाचें. अशा ६० घटिकांचें एक अहोरात्र. यंत्र इतकें साधें, तरी तें राखण्यास एक माणूस जवळ बसावा लागे. बुडालेली वाटी तत्काळ उचलावयाची, पाणी गढूळ होऊं द्यावयाचें नाहीं, छिद्रांत कचरा अडकूं द्यावयाचा नाहीं. छिद्र बुजलें कीं घटिका लांबली, आणि घटिका लांबली कीं मुहूर्त टळला. काळ मोजणाऱ्या यंत्राला राखणारा हात लागतो, हा धडा घटिकापात्रानें दिला; आणि पुढें लंबकाचें घड्याळ आलें तरी तो खोटा ठरला नाहीं.

सोलापुरास घड्याळाची खरी निकड भासूं लागली ती आगगाडीबरोबर. १८६० सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग या शहरापर्यंत येऊन पोंचला, आणि १८७१ सालीं तो रायचूर येथें मद्रासच्या रेल्वेस जाऊन मिळाला. तोंपर्यंत प्रत्येक गांवाचा मध्यान्ह त्या त्या गांवच्या सूर्याचा असे. सोलापूरच्या सूर्याच्या मानानें मुंबईची वेळ सुमारें १२ मिनिटें मागें, तर मद्रासची वेळ सुमारें १७ मिनिटें पुढें. आगगाडीला एवढे मध्यान्ह परवडेनात, म्हणून १८७० पासून हिंदुस्थानांतील रेल्वेनें मद्रासची वेळ धरली. उन्हाकडे पाहून जो सोलापूरकर स्टेशनाकडे निघे, त्याच्या हिशेबीं गाडी सुटण्यास पाव तास अवकाश असे. स्टेशनावरील घड्याळाच्या हिशेबीं ती केव्हांच सुटलेली असे. १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशाकरितां एकच प्रमाणवेळ ठरली. ती सोलापूरच्या सूर्याहून सरासरीनें २६ मिनिटें पुढें आहे. म्हणजे या शहराच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हां घड्याळांत साधारणतः बारा वाजून २६ मिनिटें झालेलीं असतात. मुंबई महानगरपालिकेनें तर आपली जुनी मुंबई-वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. वेळ ही आकाशांतून उतरते असें मानणाऱ्या समाजास ती कचेरींत ठरते हें कळण्यास अर्धें शतक लागलें.

आगगाडीमागोमाग गिरणी आली. १८७७ सालीं सोलापूर स्पिनिंग ॲण्ड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तीच पुढें 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाऊं लागली. नंतर लक्ष्मी, विष्णु आणि नरसिंग गिरजी या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि शहराचा दिवस भोंग्यावर उगवूं व मावळूं लागला. येथें एक मोठा प्रश्न उभा राहतो. भोंगा कोणाच्या घड्याळावर वाजे? अर्थात् गिरणीच्या. तें घड्याळ गिरणीच्या आंत, त्याची किल्ली गिरणीवाल्यांच्या हातीं. बाहेर उभ्या असलेल्या कामगारापाशीं तें पडताळून पाहण्यास सूर्यावांचून कांहीं नाहीं. आणि सूर्याची व गिरणीची वेळ तर एक नव्हे!

कायद्यानें हळूहळू तास बांधून दिले. मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून गिरणीकामगारांच्या साप्ताहिक सुट्टीसाठीं चळवळ केली, आणि १८९१ च्या कायद्यांत ती सुट्टी आली. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस १२ तासांचा ठरविला. १९२२ सालीं तो ११ तासांवर, १९३४ सालीं १० तासांवर आणि १९४६ सालीं ९ तासांवर आला. परंतु कायदा तास ठरवितो, मोजीत नाहीं. तास मोजावयाचा तर घड्याळ पाहिजे. आणि तें दुसऱ्याच्या हातांतील असून भागत नाहीं. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे घरांतील भिंतीवरचें घड्याळ ही केवळ शोभेची वस्तु राहत नाहीं. तें घरचा साक्षीदार होतें. स्टेशनानें एक वेळ सांगितली, गिरणीनें दुसरी सांगितली, तर तिसरें कोणी तरी घरांत असावें, हा त्याचा अर्थ. मात्र साक्षीदार खरा राहावा असें वाटत असेल तर त्याची निगा राखली पाहिजे.

घरगुती घड्याळांत सर्वांत नाजूक निगा ज्याला लागते तें म्हणजे दर तासाला पक्षी बाहेर येऊन ओरडणारें 'कुक्कू' घड्याळ. त्याला कोकिळेचें घड्याळ म्हणावें असा मोह होतो. पण आपल्याकडील कोकिळाचा स्वर चढत जातो, तर युरोपांतील या पक्ष्याचा दुसरा स्वर पहिल्याहून खालीं उतरतो. मात्र दुसऱ्याच्या घरट्यांत अंडें घालण्याची खोड दोघांसही आहे. यांत्रिक कुक्कूचें वर्णन अथनासिउस किर्खर याच्या १६५० च्या ग्रंथांत आढळतें. पुढें अठराव्या शतकांत जर्मनींतील श्वार्त्सवाल्ड, म्हणजे 'काळें अरण्य', या डोंगराळ मुलखांत हीं घड्याळें होऊं लागलीं. आरंभीं त्यांचीं चाकेंसुद्धां लांकडाचीं असत. आज सर्वांच्या ओळखीचा असलेला त्याचा आकार मात्र आगगाडीनें दिला आहे. १८५० सालीं फुर्टवांगेन येथें घड्याळांची शाळा निघाली. तिचा प्रमुख रोबेर्ट गेर्विख हा स्वतः रेल्वेचा इंजिनियर. घड्याळाचें नवें रूप सुचविण्याविषयीं त्यानें आवाहन केलें, तेव्हां बाडेनच्या रेल्वेच्या इमारती बांधणाऱ्या फ्रीद्रिख आइझेनलोर यानें रेल्वेच्या पहारेकऱ्याची उतरत्या छपराची झोपडी घड्याळावर बसविली. ज्या दशकांत त्या झोपडीला पक्षी मिळाला, त्याच दशकांत सोलापूरच्या दिशेनें रूळ पडत होते.

त्या झोपडीच्या आंत काय आहे? देवदाराच्या फळासारखीं दोन लोखंडी वजनें साखळ्यांना टांगलेलीं असतात. एक कांटे चालविण्याचें, दुसरें आवाजाचें. तास भरला कीं एक अडसर सुटतो, दोन चिमुकले भाते पाठोपाठ उचलून सोडले जातात आणि त्यांची हवा दोन लांकडी शिट्यांतून जाते: एक उंच स्वर, एक खालचा. पुष्कळ घड्याळांत किती वेळां ओरडावयाचें हें एक खाचांचें चाक ठरवितें, आणि त्या चाकाला कांट्यांचा पत्ता नसतो. म्हणून मिनिटकांटा घाईनें पुढें ढकलला तर पक्षी चार वेळां ओरडतो आणि कांटा सहावर असतो. वेळ लावतांना मिनिटकांटा पुढेंच न्यावा, आणि दर तासाचा आवाज पुरा होऊं द्यावा. एवढा धीर ज्याला नाहीं त्यानें त्याला हात लावूं नये.

आतां तेल. घड्याळाच्या इतिहासांत तेलानें जितका त्रास दिला तितका क्वचितच दुसऱ्या कशानें दिला असेल. जॉन हॅरिसन या इंग्लंडांतील सुताराचा त्यावर इतका राग, कीं १७२२ च्या सुमारास ब्रॉकल्सबी येथील तबेल्याच्या मनोऱ्यासाठीं त्यानें तेल न लागणारें घड्याळ केलें. आंस जेथें फिरतात तेथें 'लिग्नम व्हाइटी' या अंगच्याच तेलानें स्निग्ध असलेल्या लांकडाचा उपयोग केला. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील न्यू बेडफर्ड येथें पॉर्पस नांवाच्या सागरी प्राण्याच्या जबड्यांतील तेल काढून घड्याळांसाठीं विकीत, कारण तें थंडींत गोठत नसे आणि लवकर चिकट होत नसे. पुढें खनिज व कृत्रिम तेलांनीं त्याची जागा घेतली.

सोलापूरच्या गृहस्थाला या बाबतींत स्वयंपाकघराचा मोह टाळावा लागतो. हा करडईचा मुलूख. करडईचें तेल भाकरीबरोबर कितीही गोड लागो, तें हवेंतील प्राणवायु घेऊन वाळतें आणि त्याचा पातळ पापुद्रा बनतो. याच गुणामुळें तें रोगणाच्या कामीं येतें. तेंच घड्याळांत घातलें तर चाकांवर जणूं वार्निस चढतें. तिळाचें तेलही कालांतरानें दाट होतें. खोबरेल तेल सुमारें २४ अंशांखालीं थिजतें, म्हणून पौषांतल्या रात्रीं तें घड्याळाचे पाय धरतें. रॉकेल मळ सोडवितें खरें, पण स्वतः उडून जातें आणि धातु कोरडा ठेवतें. घड्याळजीपाशीं मिळणारें घड्याळाचेंच तेल घ्यावें, आणि तेंही सुईच्या टोकावर मावेल इतकेंच.

तें कोठें घालावयाचें हें त्याहून महत्त्वाचें. पितळी पत्र्याच्या छिद्रांत आंसाचीं बारीक टोकें फिरतात. त्या छिद्राभोंवतीं एक उथळ वाटी कोरलेली असते. तेल तेथें. वाटी अर्धी भरली कीं पुरे. ती ओसंडली तर पत्रा सगळेंच तेल ओढून घेतो आणि टोक कोरडें पडतें. लंबकाला अडवून सोडणाऱ्या आंकडीच्या टोकांना नुसता स्पर्श. चाकांच्या दांत्यांना तेल नाहीं, साखळीला नाहीं, भात्यांना तर मुळींच नाहीं. दांत्यांवरील तेलांत धूळ बसते. ती मऊ पितळांत रुतून राहते आणि कानशीप्रमाणें कठीण पोलाद झिजविते. काळ्या मातीच्या वाऱ्याच्या आणि कापसाच्या तंतूंच्या या शहरांत ही गोष्ट विसरून चालत नाहीं. जुन्या तेलावर नवें तेल घालणें हेंही असेंच. त्यानें स्वच्छता होत नाहीं, लगदा होतो. आधीं घड्याळजीकडून जुनें तेल पुसून घ्यावें, मगच नवा थेंब.

बाकी काम कानांचें आहे. 'टिक' आणि 'टॉक' यांतील अंतर सारखें ऐकूं आलें म्हणजे घड्याळ सरळ टांगलें आहे. लंगडत चाललें तर तें लवकरच थांबतें. घड्याळ पुढें धांवत असेल तर लंबकाची चकती किंचित् खालीं सरकवावी, मागें पडत असेल तर वर. उन्हाळ्यांत लोखंडी दांडीचा लंबक लांबतो आणि १० अंशांमागें दिवसाला सुमारें ५ सेकंद मागें पडतो. लांकडी दांडीला उष्म्याची बाधा त्याहून पुष्कळ कमी. वजनें रोज वर ओढावयाचीं कीं आठवड्यानें, हें घड्याळाच्या बनावटीवर अवलंबून. पण तें ठरल्या वेळीं व ठरल्या हातानें व्हावें.

सोलापूरच्या त्या जुन्या गिरण्या आतां बंद पडल्या आहेत, आणि वेळ प्रत्येकाच्या खिशांतील पडद्यावर आपोआप उमटते. ती अचूक असते, यांत शंका नाहीं. परंतु ती पुन्हां दुसऱ्याच्या घड्याळावरून आलेली असते; भोंग्याप्रमाणेंच ती फक्त ऐकावयाची. वजनें ओढून, थेंब घालून, चकती सरकवून राखलेलें घड्याळ दिवसाला मिनिटभर चुकेलही. पण तें कां चुकलें हें घरांतल्या माणसास ठाऊक असतें, आणि तें सुधारणेंही त्याच्याच हातीं असतें.