कुठ्ठाळीच्या वह्या आणि आपली वंशावळ

श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. १५४३ साली साष्टी प्रांत पोर्तुगीजांकडे गेला आणि १५६० साली देवाचे लिंग जुवारी नदीपलीकडे, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालातील प्रियोळास नेण्यात आले. ही कथा आपल्या घराघरांतून सांगितली जाते. मागे राहिलेल्यांचा वृत्तान्त मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो इगर्जीच्या आणि गावकरीच्या वह्यांत शोधावा लागतो.

विवाहाची व बाप्तिस्म्याची वही पाद्रीने ठेवावी, हा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घातला. देव गेल्यास तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. परंतु वंशावळ लिहिणाऱ्यास पहिली ठेच येथेच लागते. बाप्तिस्म्याबरोबर नाव पालटे आणि आडनाव पुष्कळदा पाद्रीचे वा धर्मपित्याचे मिळे. त्यामुळे एकाच मूळ पुरुषाची संतती निरनिराळ्या आडनावांनी ओळखली जाऊ लागली. केवळ आडनाव धरून मागे जाणारा फसतो.

त्यास आधार मिळतो गावकरीत. धर्म बदलला तरी वांगड बदलला नाही. जोण घेण्याचा हक्क पुरुषपरंपरेने चालत असल्यामुळे आपण अमुक वांगडातील अमक्याचे पुत्र, हे सिद्ध करावे लागे. आणि ख्रिस्ती गावकारास तो पुरावा इगर्जीच्या वहीत सापडे. १५६७ च्या फोरालाचेही असेच. साष्टीतील देवळांच्या जमिनींची ती टिपणी उत्पन्न इगर्जींकडे वळविण्याच्या कामी आली. परंतु मोडलेल्या देवळांतील देवतांची नावे आज आपल्याला तेथेच वाचावयास मिळतात. ज्यांनी मोडले त्यांनीच लिहून ठेवले!

स्थलांतर केलेल्या कुळांपाशी असे सलग पुस्तक नव्हते. गोत्र, कुलदेव, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि वडीलधाऱ्यांची स्मृती एवढेच साधन. महाजनांच्या नामावलीस शिस्त आली ती १८८६ आणि १९३३ च्या माझानिया नियमावलींनी, आणि तीही पुरुषांचीच. पाद्रीच्या वहीत मुलीची स्वतंत्र नोंद होई, आईचे नाव लिहिले जाई. प्रस्तुत लेखकाच्या घरच्या वंशवृक्षात आठ पिढ्या आहेत आणि एकही स्त्री नाही. पणजी कोणत्या घरची, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.