खुडूक कोंबडी चुकीच्या जागी बसली? हलवायची कशी, आणि मे महिन्यात काय करायचं?

कोंबडी दोन दिवस दिसत नाही. मांजरानं नेली असेल म्हणून घरचे आशा सोडतात आणि मग ती सापडते अंगणाच्या कोपऱ्यात, पऱ्हाटीच्या ढिगात, दहा-बारा अंड्यांवर ठाण मांडून. हात नेला की पिसं फुगवते, गुरगुरते, चोच मारते. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत हे चित्र नवं नाही. कोंबडी खुडूक झाली, एवढाच त्याचा अर्थ.

हा आजार नाही. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की कोंबडी अंडी देणं थांबवते आणि उबवायला बसते. दिवसातून एकदाच, साधारण १५-२० मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, विष्ठा टाकते आणि परत बसते. असे २१ दिवस. जास्त अंडी देणाऱ्या व्हाईट लेगहॉर्नसारख्या जातींतून हा गुण निवड करून जवळपास घालवला गेला. कडकनाथही उबवण्यात कच्चीच. म्हणून अशा जातींची अंडी अनेकदा गावरान कोंबडीखाली ठेवली जातात. थोडक्यात, खुडूक गावरान कोंबडी म्हणजे वीज न लागणारं उबवणी यंत्र.

अडचण असते जागेची. पऱ्हाटीच्या ढिगात साप अंडी गिळतो, मुंगूस-बोका कोंबडीलाच धरतो. पण भरदिवसा उचलून दुसरीकडे ठेवली, तर बहुतेक वेळा ती धावत जुन्या जागी जाते आणि नव्या जागची अंडी गार पडतात.

हलवायची ती रात्रीच. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती शांत असते. आधी नवी जागा तयार ठेवा. पसरट टोपलं, तळाशी थोडी माती, वर सोयाबीनचं कुटार. पिसवांचा त्रास असेल तर कडुलिंबाचा पाला. पहिल्या रात्री टोपल्यात दोन-तीन साधी अंडी ठेवून कोंबडी वर बसवा आणि हवा खेळेल असं डालं पालथं घाला. खरी अंडी तोवर कोंबडीविना राहू नयेत, म्हणून शक्य असेल तर ती दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली द्या. तशी सोय नसेल, तर चाचणीच्या भानगडीत न पडता अंड्यांसकट सगळं घरटंच उचलून हलवा. या धावपळीत अंडी अर्धा तास उघडी राहिली तरी बिघडत नाही. जुनी जागा मात्र मोडून टाका. पुढचे दोन दिवस डालं फक्त दाणा-पाण्यापुरतं उघडायचं आणि ती परत टोपल्यात बसली का, ते बघायचं.

आता वऱ्हाडचा खरा प्रश्न: ऊन. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो. अंडं उबवायला लागतात साधारण ३७.५ अंश. म्हणजे टिनाच्या छपराखाली कोंबडी अंड्यांना ऊब देत नसते, दोघंही भाजत असतात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. शिवाय २७ अंशांच्या वर अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. त्यामुळे उबवायला साठवलेली अंडीही खोलीत पडून बिघडतात. मातीच्या भिंतीच्या खोलीत टोपलं ठेवणं, बाजूला ओलं पोतं टांगणं, पाणी चोचीजवळ ठेवणं एवढं तरी करावंच. खरं तर भर उन्हाळ्यात अंडी न बसवणंच शहाणपणाचं.

मग खुडूक मोडायची कशी? पाण्यात बुचकळणं, नाकात पीस खुपसणं हे प्रकार अजूनही होतात. कोंबडीला त्रास होतो आणि त्यांची गरजही नाही. खालून हवा लागेल अशा जाळीच्या किंवा पट्ट्यांच्या पिंजऱ्यात, कुटार न घालता, सावलीतल्या उजेडात, दाणा-पाणी देऊन तीन ते पाच दिवस ठेवा. पोट गार राहिलं की बसण्याची ओढ ओसरते.

बसवायचीच असेल तर सगळी अंडी एकाच दिवशी ठेवा, त्यांवर पेन्सिलीनं खूण करा. दुकानातली पांढरी अंडी चालणार नाहीत. तिथं कोंबडाच नसतो, पिल्लू येणार कुठून? सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर गर्भ आहे, स्वच्छ दिसलं तर अंडं काढून टाका. १८ व्या दिवसानंतर हात लावू नका.

आणि सगळी अंडी वाया गेलीच, तर विकत आणलेली एक दिवसाची पिल्लं रात्री हळूच तिच्या पोटाखाली सरकवता येतात. पहाटे उठून तिथं थांबायचं मात्र विसरू नये. बहुतेक कोंबड्या पिल्लं स्वीकारतात, एखादी टोचते.