हरवलेला कर्ण

आपल्याकडे कुणी जागा घेतली, की विचारणारा विचारतो, ‘केवढी?’ घेणारा सांगतो, ‘चाळीस-साठ.’ एवढ्यावर दोघांचेही समाधान होते. माझ्या वडिलांनी १९७८ साली तालुक्याच्या गावी घेतलेली जागा अशीच चाळीस बाय साठ. खरेदीखतात चारही बाजूंची मापे, चतुःसीमा आणि क्षेत्र २,४०० चौरस फूट. म्हणजे सव्वादोन गुंठ्यांना थोडी कमी. आम्ही नोकरीनिमित्त बाहेरगावी असल्याने ती कितीतरी वर्षे तशीच पडून होती.

मी एकतीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली. निवृत्त झाल्यावर त्या जागेवर लहानसे घर बांधावे असे मनात आले. पुतण्याच्या लॅपटॉपवर घराचे आराखडे काढण्याचे एक सॉफ्टवेअर होते. संध्याकाळी तो शेजारी बसे आणि मी सांगेन तसे काढी. चाळीस टाइप करायचे, बटण दाबायचे, रेषा तयार. कोपऱ्यावर माउस नेला की ते यंत्र आपणहून काटकोनाची खूण दाखवी. मग साठ. प्रत्येक भिंतीशेजारी दोन बारीक रेषा, त्यांच्यामध्ये दोन्ही टोकांना बाण असलेली मापाची रेषा आणि तिच्यावर आकडा. भिंत सरकवली की आकडाही बदले. मला तर खेळणेच मिळाल्यासारखे झाले. समोर पंधरा फूट, मागे दहा फूट, दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट सामासिक अंतर सोडून तीस फूट रुंदीचे घर आम्ही बसवले. आकडे दशांश चिन्हापुढे तीन घरांपर्यंत. इतकी नेमकी वस्तू चुकेल कशी?

आखणीच्या दिवशी मिस्त्रींनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, फक्की मारली. समोरून सगळे ठीक दिसत होते. मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी मात्र घराची रेषा आणि शेजारचे कंपाऊंड यांत पाच फुटांऐवजी जेमतेम दीड फूट उरले.

खरे सांगतो, माझ्या मनात पहिली शंका आली ती शेजारच्या अण्णांची. त्यांचे कंपाऊंड आम्ही गावात नसताना झालेले. मी तोंडाने काही बोललो नाही, पण तीन दिवस त्यांच्याकडे चहाला गेलो नाही. अण्णांनाही कळले असावे. तेही आले नाहीत. एरवी आम्ही गुण्यागोविंदाने राहणारी माणसे.

चौथ्या दिवशी मिस्त्रींनी शंभर फुटी टेप आणून चारही बाजू पुन्हा मोजल्या. चाळीस, साठ, चाळीस, साठ. इंचभर फरक नाही! मग जागा गेली कुठे? मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, ‘गुरुजी, तिरपा टेप धरला होता का?’ आम्ही धरला. समोरच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ७४ फूट ५ इंच. दुसरा ६९ फूट ९ इंच. आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात, हे मी किती मुलांकडून पाठ करून घेतले असेल! आमचा प्लॉट आयत नव्हताच. तो एका अंगाला चार अंशांनी कललेला होता.

गंमत पाहा. एवढा कलूनही क्षेत्र २,४०० वरून २,३९४ वर आले होते. सहा चौरस फूट, म्हणजे पाट मांडून बसण्याइतकी जागा. पण मागचे कोपरे चार फूट दोन इंच सरकले होते. चार पट्ट्या खिळ्यांनी जोडून चौकट करा, ती झुलते. म्हणून तर गोठ्याच्या दाराला मागून तिरपी पट्टी ठोकतात. चार बाजू सांगितल्या म्हणजे जागा सांगितली, असे होत नाही. एक कर्ण सांगावाच लागतो.

ही चूक माझी एकट्याची असती, तर मी सांगायलाही आलो नसतो. ती फार जुनी आणि फार मोठ्या माणसांच्या भोवती फिरलेली चूक आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला. चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या त्यात दोन रीती आहेत. एक ‘स्थूल’: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. खेड्यापाड्यांत आजही जागा पाहायला आलेला एजंट हेच करतो. या रीतीने येणारे उत्तर खऱ्या क्षेत्राहून कधीच कमी येत नाही. आयत असेल तर बरोबर, नाहीतर जास्तच. सारा वसूल करणारा आणि जमीन विकणारा, दोघांच्याही ती पथ्यावर पडते. दुसरी ‘सूक्ष्म’ रीत अतिशय सुंदर आहे, पण ती लागू पडते फक्त ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात अशा चौकोनाला. ही अट मात्र तिथे स्पष्ट सांगितलेली नाही.

पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी यावर बोट ठेवले. ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. बाजू त्याच असताना कर्ण निरनिराळे असू शकतात, मग क्षेत्रफळ एकच कसे येईल, असे ते विचारतात. एक कर्ण किंवा एक लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते चक्क पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच! इतक्या शतकांपूर्वीच्या ग्रंथात गुरुजींनी असे चिडलेले वाचले, की मला तरी धीर येतो. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. पाटणादेवीला गेलात तर आवर्जून आठवण ठेवा.

आता भास्कराचार्यांचे ऐकले कोणी? माझ्या मते, नकळत का होईना, जमीन मोजणाऱ्या साखळीने ऐकले. इंग्लंडमध्ये एडमंड गंटरने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची साखळी आणली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात रूढ झाली ती तिच्या निम्मी, ३३ फुटांची. तिचे भाग सोळा, आणि त्यांना नाव ‘आणे’! एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठ्याचेही पुन्हा आणे सोळा. रुपयाची भाषा शेतकऱ्याला येत होती, तीच मातीला लावली. हे ज्याला सुचले, त्याचे मला कौतुक वाटते.

पेशवाईनंतर दख्खनमध्ये पहिली मोठी मोजणी प्रिंगल या अधिकाऱ्याने केली. मोजणीतल्या चुकांनी आणि जबर आकारणीने ती बुडाली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या जोडीने इंदापूर तालुक्यातून नव्याने सुरुवात केली. आपले सर्व्हे नंबर या पद्धतीतून आले. मोजणीची रीत शंकू-साखळीची. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळी ओढून आतून एक मुख्य रेषा धरायची आणि बांधाच्या प्रत्येक वळणापासून तिच्यावर लंब टाकायचा. लंब काटकोनात पडतो की नाही, हे शंकूच्या चिरांतून पाहायचे. शंकू म्हणजे काठीवर बसवलेला, काटकोनात चिरा पाडलेला ठोकळा. शेताचे असे त्रिकोण आणि पट्टे पडतात. त्रिकोण झुलत नाही. भास्कराचार्य मागत होते तो कर्ण आणि तो लंब, दोन्ही यात आले.

भूमी अभिलेखाच्या कचेरीत जुने टिपण पाहायला मिळाले तर पाहा. आकृती हातानेच काढलेली. रेषेच्या लांबीला तिथे किंमत नाही. रेषेशेजारी लिहिलेल्या आकड्याला आहे. त्या टिपणाच्या जोडीला ‘गुणाकार बुक’, म्हणजे त्या तुकड्यांच्या क्षेत्रांचा हिशेब. नाव मोठे रोखठोक.

लिहिलेला आकडा खरा, मोजलेली रेषा नव्हे, हा नियम पुढे घराच्या नकाशांनीही पाळला. त्याला कारण होते कागद. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये निळ्या छपाईची रीत शोधली आणि आराखड्यांच्या प्रती काढणे सोपे झाले. नंतर अमोनिया प्रिंट आल्या. तो नाकात जाणारा वास माझ्या पिढीला आठवत असेल. पण ओला-सुका होताना कागद ताणतो, आकसतो. म्हणून त्यावर पट्टी ठेवून माप काढायचे नाही, आकडा वाचायचा. साईट प्लॅनचे प्रमाण तर फारच लहान. १९७० मध्ये प्रथम निघालेल्या राष्ट्रीय इमारत संहितेने एक हेक्टरपर्यंतच्या जागेला निदान १:५०० प्रमाण सांगितले. त्या प्रमाणात आमचा अख्खा प्लॉट जेमतेम अडीच सेंटिमीटर बाय पावणेचार सेंटिमीटर! आणि ज्या चार फूट दोन इंचांपायी माझा चहा बंद झाला, ते कागदावर अडीच मिलिमीटर. कागदाची घडी त्याहून जाड पडते.

संगणकाने हा जुना नियम मोडला, आणि इथेच माझा पाय घसरला. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत इव्हान सदरलँड या विद्यार्थ्याने ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. पडद्यावर प्रकाश-लेखणीने कसाही वेडावाकडा चौकोन काढायचा आणि यंत्राला सांगायचे, या रेषा समांतर कर, या काटकोनात आण. ते तसे करी. मापाची रेषा काढली, तर आकृती ओढताच आकडा आपोआप बदले. आकडा आणि रेषा यांची गाठ पहिल्यांदा पक्की बांधली गेली. विशेष म्हणजे त्याने सांध्यांनी जोडलेल्या दांड्यांची चौकटही पडद्यावर हलवून दाखवली होती. दांड्यांची लांबी तीच, चौकट मात्र झुलते आहे. १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आले आणि हे सारे लहान संगणकावर उतरले. २००० मध्ये आलेल्या स्केचअपसारख्या प्रोग्रॅमनी ते घरच्या माणसाच्या हाती दिले.

पूर्वी आरेखकाचा हात चुकला, तर रेषा एक सांगे आणि आकडा दुसरेच. तपासणारा थबके, विचारी. आता दोघांचे कधी भांडणच होत नाही. रेषा आणि आकडा एकमेकांशी इतके प्रामाणिक, की जमिनीला विचारायचे आपण विसरतो. आमच्या सॉफ्टवेअरने चारही कोपऱ्यांत काटकोन धरले, कारण मी त्याला दुसरे काही सांगितलेच नव्हते. दशांशापुढची तीन घरे मात्र ते इमानाने दाखवत राहिले.

असो. पुतण्याला बसवून नकाशा पुन्हा काढला. आधी समोरची चाळीसची रेषा. उजव्या टोकावर साठ त्रिज्येचे वर्तुळ, डाव्या टोकावर ७४ फूट ५ इंचाचे. दोन्ही जिथे छेदतात, तो मागचा उजवा कोपरा. तशीच डावी बाजू, आणि दुसरा कर्ण पडताळ्यासाठी राखून ठेवला. आठवीच्या वर्गात कंपासने हेच करतात. डावीकडे जागा आत आलेली दिसली आणि उजवीकडे तेवढीच बाहेर गेलेली. उजवीकडचे ते चार फूट आखणीच्या दिवशी आम्हा कुणाच्याच लक्षात आले नव्हते. आपले कमी झालेलेच आपल्याला दिसते.

घर कलते बांधावे का, असे मी विचारले. मिस्त्रींनी मान हलवली. ‘गुण्यात नसलेल्या खोलीत कपाट भिंतीला टेकत नाही. जन्मभर फट बघत बसाल.’ तेव्हा घर उजवीकडे सरकवले आणि तीस फुटांचे साडेसत्तावीस केले. बैठकीची खोली लहान झाली.

त्यानंतर वडिलांच्या ट्रंकेत ले-आऊटची जुनी अमोनिया प्रिंट सापडली. मी ती पूर्वीही पाहिली होती. तिच्यात एक तिरपी पुसट रेषा आहे, तिला मी घडी समजलो होतो. भिंगाने पाहिले तर शेजारी आकडा होता, ७४’-५”. ज्या शेताचे प्लॉट पाडले, त्याचा बांधच रस्त्याला तिरपा होता आणि आखणाऱ्याने बांधाला धरून सगळी ओळ आखली होती.

संध्याकाळी ती प्रिंट घेऊनच अण्णांकडे गेलो आणि तीन दिवस मनात काय होते ते सांगून टाकले. अण्णांनी चहा टाकायला सांगितला. प्रिंट बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, ‘म्हणजे आमचाही कललेला असणार.’ चहा होईपर्यंत आम्ही दोघे टेप घेऊन अंगणात उतरलो होतो. टेपचे टोक धरायला पलीकडचे बिऱ्हाडही आले. त्यांचा प्लॉट उद्या मोजायचा आहे.