एकशेवीस पानांचा हिशेब

काही वर्षांपूर्वी शाळेची सहल आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला नेली होती. राजवाड्याच्या दरबारात कारागीर मांडी घालून गंजिफा रंगवीत बसले होते. आठवीतल्या एका मुलाने एका डबीची किंमत विचारली. ती हजारांत होती. मुलगा चकित होऊन म्हणाला, "काका, पत्त्यांचा कॅट तर आमच्या गल्लीतल्या दुकानात किती स्वस्त मिळतो!" कारागीर हसून म्हणाले, "बाळा, तू एक पान काढून बघ, मग बोलू."

या उत्तरात एका खेळाचा सारा इतिहास आहे.

गंजिफा हा खेळ आपल्याकडे इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातील गंजिफांचे वर्णन अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त केले आहे. मोगली गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने. पुढे आपल्या लोकांनी त्यात दशावतार बसविले आणि दहा रंगांची १२० पाने झाली. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. हुकूम नाही. निम्म्या रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा खेळ रामाच्या राजापासून सुरू व्हायचा, तर रात्री कृष्णाच्या. कोणते पान पडले, कोणते राहिले, हे सारे ध्यानात ठेवावे लागे. स्मरणशक्तीला याहून चांगली तालीम कोणती?

त्या काळीही या खेळाला दोन किमती होत्या. हस्तिदंत, कासवाची पाठ यांवर केलेल्या पानांना 'दरबार कलम' म्हणत आणि कागद, कापड यांच्या साध्या पानांना 'बाजार कलम'. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी (१७९४–१८६८) तर तीनशेहून अधिक पानांचे खेळ रचले. ते वाड्याबाहेर फारसे गेले नाहीत, यात नवल नाही. खेळ जगला तो बाजार कलमावर.

आता घडणावळ पाहू. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूच्या पुडीचा लेप द्यायचा, दगडाने घोटायचे, गोल चकत्या कापायच्या, रंग भरायचे, वर लाखेचा हात द्यायचा. पानामागे रंगकामाला अवघी पंधरा मिनिटे धरली, तरी १२० पानांना तीस तास लागतात. रोज आठ तास बसले, तर चार दिवस गेले. शंभर डब्या केल्या म्हणून शंभरावी स्वस्त पडत नाही. तिलाही तेच चार दिवस.

छापखान्याचे गणित उलटे. ठसा एकदाच करायचा. पुढे जितकी पाने छापावी तितका एका पानावरचा भार हलका. लंडनच्या टॉमस द ला र्यू याने १८३१ मध्ये रंगीत पत्ते छापण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. ब्रिटनमधला पत्त्यांवरचा कर १८६२ मध्ये एका शिलिंगावरून तीन पेन्सवर आला. असे ५२ पानांचे छापील, स्वस्त कॅट बंदरांतून आणि रेल्वेने आपल्या गावागावांत पोहोचले. १२० पानांची डबी त्यांच्यापुढे काय टिकणार? प्रथम बाजार कलमाचे गिऱ्हाईक गेले, मग खेळणारा गेला आणि शेवटी रंगवणारा उरला तो मोजक्या घरांत.

सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी केली. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण आज ही डबी घेणारे बहुतेक जण ती कपाटात मांडतात किंवा काचेत मढवतात. कारागिराला दाम मिळतो, तो मिळायलाच हवा. पण खेळाला खेळगडी मिळत नाही.

सहलीहून परतल्यावर आम्ही वर्गात पुठ्ठ्याच्या १२० चकत्या कापल्या. मत्स्यावर मासा, वामनावर कमंडलू, परशुरामावर परशू. ज्या मुलाने किंमत विचारली होती, त्याच्या वाट्याला वराहाची बारा पाने आली. तीन दिवस तो राबला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "सर, ते काका फार स्वस्तात देतात हो."

मग खेळ मांडला. घरी कानडी बोलणारी मुले आणि मराठी बोलणारी मुले एकाच सतरंजीवर बसली. दशावतार शिकवावे लागले नाहीत. ते दोन्ही घरांतून पाठ होते. दिवस असल्याने उतारी रामाची झाली.

दरबार कलम राजवाड्याने राखले. बाजार कलम मात्र तुम्हां-आम्हांलाच राखावे लागेल. पुठ्ठा, कात्री आणि दिवाळीची सुटी एवढे भांडवल त्याला पुरे आहे.